दुभाष्याचे शिक्षण आणि मराठीचे विभाग

पदवीच्या वर्गात शब्दशक्ती शिकवताना लक्षणेसाठी आम्ही अजूनही ‘गंगेवर गवळीवाडा’ हेच जुने उदाहरण घेतो. काही वर्षांपूर्वी शिरूरमधील एका वर्गात हे उदाहरण फळ्यावर लिहिले, तेव्हा पहिल्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरली कर्णबधिर, धाकटी ऐकणारी. धाकटीने प्रवेश घेतला होता तोच मुळी थोरलीसाठी. आमचे बोलणे ती घरातल्या खुणांनी तिला सांगत असे. त्या दिवशी तिने हाताने नदी दाखवली, नदीवर घर दाखवले. थोरलीने भुवया उंचावून काही विचारले. धाकटी संकोचून म्हणाली, “सर, ती विचारतेय, घर वाहून नाही का जाणार?” वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढे गेलो.

पुढे जायला नको होते. लक्षणेची पहिली अट मुख्यार्थबाध ही आहे. प्रवाहावर वाडा उभा राहू शकत नाही, हे आधी खटकावे लागते. मग ‘गंगा’ या शब्दाने तीर घ्यायचा आणि शीतलता-पावित्र्य हे त्यामागचे प्रयोजन ओळखायचे. साऱ्या वर्गात ही अडचण फक्त त्या मुलीच्या ध्यानी आली होती. मम्मटाने घालून दिलेली पहिली पायरी तिने कोणाच्याही मदतीशिवाय चढली होती. उरलेल्या दोन पायऱ्या तिच्यापर्यंत पोहोचल्या नाहीत, कारण स्वयंपाकघर, शेत आणि बाजार यांसाठी घडलेल्या घरगुती खुणांत त्यांची सोय नव्हती आणि एकोणीस वर्षांच्या धाकटीला ती सोय कशी करावी हे कोणी शिकवले नव्हते. आम्ही तिच्या त्यागाचे कौतुक करीत राहिलो. दुसऱ्या वर्षाअखेरीस तिचे लग्न ठरले आणि एका घरातील दोघींचे शिक्षण एकाच वेळी थांबले.

दुभाष्याचे काम ही आपल्याकडे सेवा किंवा माया समजली जाते, विद्या नव्हे. आमच्या मते दोष येथेच आहे. या समजुतीच्या मुळाशी दुसरी एक समजूत आहे : सांकेतिक भाषा म्हणजे मराठी किंवा हिंदी हातांनी बोलणे. विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेची रचना उलगडून दाखवली, तेव्हापासून भाषाविज्ञानात या समजुतीला आधार उरलेला नाही. भारतीय सांकेतिक भाषेवर मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आदींनी १९७० च्या दशकात संशोधन सुरू केले. पुढे उलरिके झेशान यांनी तिच्या व्याकरणाचा सविस्तर अभ्यास केला. या भाषेत प्रश्नवाचक खूण सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. नकारही शेवटी येतो. भुवया, मान आणि नजर हे व्याकरणाचेच घटक असतात. बोलणाऱ्यासमोरच्या अवकाशात व्यक्तींना जागा नेमून दिल्या जातात आणि पुढे त्या जागेकडे केलेला निर्देश सर्वनामाचे काम करतो. ज्यांना अशी भाषा आहे त्यांना ‘मूक’ म्हणणे हे आपल्याच अज्ञानाचे निदर्शक आहे.

ही जर भाषा असेल, तर तिच्यातून मराठीत आणि मराठीतून तिच्यात जे होते ते भाषांतर होय. शिवाय ते तत्क्षणी करावयाचे असते. कोश उघडायला वेळ नसतो, खाडाखोडीची मुभा नसते. अनुवादाची अभ्यासपत्रिका शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना याचे अप्रूप वाटायला हवे होते.

आज हे शिक्षण मिळते कोठे? नवी दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेले भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दुभाष्यांसाठीची दोन वर्षांची पदविका बारावीनंतर करता येते आणि तिला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे. दिल्लीच्या केंद्राने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर नेला. या संस्थांचे काम मोलाचेच आहे. पण ‘पुनर्वास’ हा शब्द बोलका आहे. एक भाषा आपण अपंगत्वाच्या खात्यात जमा केली आणि भाषांचे विभाग निश्चिंत झाले. अमेरिकेतील गॅलॉडेट विद्यापीठात दुभाषेपणाची पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही घेता येतात. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक नोंदली गेली, तरी दुभाषेपण सहसा पदविकेपाशीच थांबते.

हा केवळ वर्गापुरता प्रश्न नाही. शिरूरला न्यायालय आहे, दौंडलाही आहे. खुणांनी दिलेल्या साक्षीचा प्रश्न २०१२ मध्ये राजस्थान राज्य विरुद्ध दर्शनसिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दुभाष्याचा प्रकरणात हितसंबंध नसावा, त्याने शपथ घेतलेली असावी आणि अर्थासोबत मूळ खुणांचीही नोंद व्हावी, असे न्यायालयाने सांगितले. २०१३ च्या दुरुस्तीने अशा साक्षीसाठी दुभाषी किंवा विशेष शिक्षक यांची मदत आणि चित्रीकरण बंधनकारक झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. एखाद्या कर्णबधिर स्त्रीची तक्रार घरातल्याच माणसाविरुद्ध असेल, तर घरातल्याच माणसाने तिचे दुभाषी व्हायचे काय? कायद्याला हा प्रश्न पडला, विद्यापीठाला अद्याप पडलेला नाही.

आम्ही दोघे, एक शिरूरला आणि दुसरा दौंडला शिकवणारा, भेटतो तेव्हा न्हावरे-चौफुला रस्त्याने येजा होते. चौफुल्याला लागूनच केडगाव आहे. तेथे मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या. साध्या बायांना कळावे अशी मराठी त्यांना हवी होती. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच केडगावात अंध स्त्रियांना ब्रेल शिकवण्याचे कामही उभे राहिले. तळमळ पुरेशी नाही, भाषा मुळापासून शिकावी लागते, हा धडा आमच्या तालुक्याला शंभर वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

आक्षेप ठाऊक आहेत. लेखी टिपणे दिली की पुरे, असे म्हटले जाते. परंतु बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, त्यांना लहानपणी कोणतीच भाषा पुरती मिळत नाही आणि लिखित मराठी त्यांच्यासाठी कष्टाने मिळवलेली दुसरी भाषा असते. दुसरा आक्षेप अध्यापकांचा. या भाषेचे खरे अध्यापक कर्णबधिरच असणार. त्यांच्यासाठी ती भाषा शिकवण्याची स्वतंत्र पदविका आहे. त्यांना निमंत्रित अध्यापक म्हणून मानधनासह वर्गात आणता येईल. नव्या शैक्षणिक धोरणातील कौशल्याधारित श्रेयांकांत सांकेतिक भाषेची ओळख बसू शकेल. मात्र दोन श्रेयांकांनी दुभाषी घडत नाही, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे, अन्यथा अर्धवट तयारीची मुले आपण न्यायालयात आणि दवाखान्यात उभी करू. त्या ओळखीतून ज्यांना ओढ लागेल त्यांच्यासाठी पुण्यात, भाषाविज्ञान आणि भाषांतरविद्या यांच्या जोडीने, तीन-चार वर्षांची पदवी हवी. शिरूर-दौंडच्या मुलीला ती एसटीने किंवा लोकलने गाठता आली पाहिजे.

धाकटी मधे एकदा बाजारात भेटली. थोरली काय करते असे विचारले, तर म्हणाली, “घरीच आहे. ते गंगेचं पुढं काय होतं, सर? तिनं मला मागं विचारलं होतं.” आम्ही सांगितले. तीर, शीतलता, पावित्र्य. तिने लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाली, “हे हातानं कसं सांगू?” आम्हाला उत्तर देता आले नाही.