कवी भास्कराचार्य वगळू नका



भास्कराचार्य निव्वळ गणिती, ज्योतिष व काव्य त्यांना मागाहून चिकटवले, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मान्य नाही. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख वाचावा. त्यानुसार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने तिथे मठ काढला. आणि काव्य? ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त, ग्रहगोलांच्या चर्चेतच, ऋतुवर्णनाचा स्वतंत्र अध्याय आहे! गणितसुद्धा श्लोकांतच. कन्या लीलावतीच्या हुकलेल्या विवाहमुहूर्ताची कथा मात्र अकबराचा दरबारी कवी फैजी याने त्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाच्या १५८७मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. ती खुशाल वगळा. आपल्या खानदेशातल्या शाळांनी गणिताबरोबर हे ऋतुवर्णनही मुलांना वाचून दाखवावे, ही विनंती.

– एक वाचक, सोनगीर (जि. धुळे)