आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

ऋतू पालटू लागला, पहाटेचा गारवा आणि दुपारचे ऊन यांचा मेळ बसेनासा झाला, की शहरातील दवाखान्यांची बाके भरू लागतात. कोणाचे नाक वाहत असते, कोणाचा घसा धरलेला असतो, कोणास कणकण आणि अंगदुखी असते. यांत नवल काहीच नाही. पडसे-खोकला हा मनुष्याचा जुना सोबती आहे आणि लहान मुलांस तो वर्षातून सहा-आठ वेळा गाठतो, हेही स्वाभाविकच होय. चिंतेची गोष्ट निराळी आहे. या बाकांवरून उठणारे कित्येक जण हाती प्रतिजैविकांचे पाकीट घेऊन बाहेर पडतात. आणि कित्येक जण दवाखान्याची पायरीही न चढता तेच पाकीट औषधांच्या दुकानातून थेट विकत आणतात. साध्या पडशावरील हा उपचार म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! त्याची किंमत एकट्या रोग्यास नव्हे, तर साऱ्या समाजास मोजावी लागत आहे. म्हणून याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पडसे होते ते विषाणूंमुळे. असे दोनशेहून अधिक विषाणू ज्ञात आहेत. प्रतिजैविके मारतात ती जिवाणूंना. विषाणूंपुढे ती निरुपयोगी आहेत. मग ‘त्या गोळ्यांनी मला गुण आला’ असे जो तो का सांगतो? कारण इतकेच, की पडसे तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपल्या भरास पोहोचून ओसरू लागते आणि सात ते दहा दिवसांत आपोआप बरे होते. ओसरत्या वेळी घेतलेल्या गोळीस फुकटचे श्रेय मिळते. मागे रेंगाळणारा खोकला दोन-तीन आठवडेही टिकू शकतो. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जंतू बळावले, ही समजूतही निराधार आहे. साध्या पडशातही तो रंग येतोच.

याचा अर्थ प्रत्येक घसादुखी दुर्लक्षावी असा मात्र कोणी करू नये. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलास एकाएकी ताप भरला, घसा गिळवेनासा दुखू लागला, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले, गळ्याच्या पुढील बाजूच्या गाठी सुजून दुखू लागल्या आणि खोकला-पडसे मात्र नसले, तर स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा संशय घ्यावा. त्याची उपेक्षा झाल्यास पुढे काही मुलांस ऱ्हुमॅटिक ज्वर येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होतात. आपल्या देशात हे संकट अद्याप सरलेले नाही. येथे प्रतिजैविक हवेच, आणि डॉक्टरांनी सांगितलेले सर्व दिवस हवे. घशात करडा, चिकट पापुद्रा दिसला तर घटसर्पाच्या शंकेने तत्काळ रुग्णालय गाठावे. पडसे दहा दिवसांनंतरही हटत नसेल, किंवा उतार पडून पुन्हा ताप उसळला असेल, किंवा कान ठणकत असेल, तरीही डॉक्टरांस दाखविणे अवश्य आहे.

बालकांच्या बाबतीत मातापित्यांनी एक मोजमाप ध्यानी ठेवावे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील अर्भकाचे साठ, वर्षाच्या आतील मुलाचे पन्नास आणि पाच वर्षांच्या आतील मुलाचे चाळीस किंवा त्याहून अधिक श्वास भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर ते पडसे नव्हे. तो न्यूमोनिया असू शकतो. मूल पिईनासे वा मलूल झाले तर क्षणाचाही विलंब नको. वृद्ध, गर्भवती आणि मधुमेही यांनी फ्लूची लक्षणे दिसताच वैद्यकीय सल्ला घ्यावा. कारण फ्लूवरील औषध पहिल्या दोन दिवसांतच अधिक गुणकारी ठरते.

उरलेल्या बहुसंख्यांचे औषध घरातच आहे. विश्रांती, भरपूर पेये, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, तापास योग्य मात्रेत पॅरासिटामॉल आणि वर्षावरील मुलास खोकल्यासाठी चमचाभर मध, एवढे पुष्कळ झाले. वर्षाच्या आतील बालकास मात्र मध चाटवू नये. खोकल्याच्या बाटल्यांचा मोह तर सोडावाच. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात विषारी द्रव्य मिसळलेल्या अशाच औषधाने अनेक बालकांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली. जे मूल मधावर आणि विश्रांतीवर बरे झाले असते, त्याच्या ओठी विष जावे, याहून दुर्दैव कोणते?

आता समाजाच्या हानीविषयी. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानात एक काल्पनिक उदाहरण दिले होते. घसा दुखू लागलेला एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन आणतो, अपुरे घेतो, जंतूंना मारण्याऐवजी शहाणे करतो. आणि तेच जंतू पुढे त्याच्या पत्नीस जडून तिचा बळी घेतात. आज हे उदाहरण काल्पनिक राहिलेले नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. १९५४ साली पिंपरीस सरकारी पेनिसिलिन कारखाना स्थापन झाला, तो हे संजीवक औषध सामान्य माणसाच्या आवाक्यात यावे म्हणून. ते आवाक्यात आले; पण सुलभ झालेली वस्तू उधळावयाची नसते, हा धडा आपण गिरविलाच नाही.

दोष कोणाचा? औषधविक्रेत्यांचा आहेच. चिठ्ठीवाचून प्रतिजैविक विकणे बेकायदा आहे. त्यांतील काहींची विक्रीची नोंद ठेवण्याचे बंधन २०१४ पासून लागू आहे. पाकिटावरील लाल रेघ पाहण्याची तसदी मात्र ना विकणारा घेतो, ना विकत घेणारा. दोष डॉक्टरांचाही आहे. तथापि गोळी न देणारा डॉक्टर म्हणजे अजाण, असे मानून दुसरे दार ठोठावणाऱ्या रोग्यांपुढे त्यांची होणारी कुचंबणा आम्ही जाणतो. परंतु मूळ दोष आहे तो आपल्या घाईत. उद्या कचेरीत हजेरी हवी, परवा मुलाची चाचणी परीक्षा. आजारास तीन दिवस देण्याची कोणाचीच तयारी नाही. आणि ज्याचा रोजच बुडतो, त्याने ते द्यावेत तरी कोठून?

म्हणून सरकारने औषधदुकानांची तपासणी कागदावर न ठेवता प्रत्यक्षात आणावी, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्याइतकाच वेळ समजाविण्यास द्यावा, आणि शाळांनी व मालकांनी शिंकणाऱ्या मुलास व नोकरास दोन दिवस घरी राहू द्यावे. आमच्या वाचकांस आमचे सांगणे एवढेच, की पुढल्या खेपेस डॉक्टरांकडे गेल्यावर ‘जोरदार औषध द्या’ असे म्हणण्याऐवजी ‘याला प्रतिजैविकाची खरोखर गरज आहे का?’ असे विचारावे. हा प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही; आणि न विचारल्यास उद्या न्यूमोनियाने तळमळणाऱ्या एखाद्या बालकाच्या उशाशी, हाती औषध असूनही, आपण हतबल उभे असू.