वावर-वांगणीच्या पट्ट्यात नागली-वरई पिकते, मग गहू न चालणाऱ्याचं ताट अवघड का होतं?

वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राला माहीत झालं ते एका वाईट कारणाने. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या या भागात कुपोषणाने शंभराहून अधिक बालकं दगावली. तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. कुपोषणाची बातमी आली की आजही याच तालुक्यांची नावं पुढे येतात.

तेव्हापासून या भागात मूल खंगलं, पोट फुगलं, हातपाय काटकुळे झाले की पहिला अंदाज एकच असतो. मुलाला पुरेसं खायला मिळत नाही. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण एक आजार असा आहे की त्यात खायला मिळूनही मूल खंगतं, आणि बाहेरून दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. त्या आजाराचं नाव सिलिॲक.

सिलिॲक म्हणजे नेमकं काय?

गहू, जव आणि राय या धान्यांमध्ये ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळताना येणारा चिकटपणा त्याचाच. सिलिॲक असलेल्या माणसाने ग्लुटेन खाल्लं की त्याची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नातलं सत्त्व शोषून घेणारी आतड्याची लव झडते. मग जुलाब, पोटफुगी, रक्त कमी होणं, वजन आणि उंची न वाढणं, हाडं ठिसूळ होणं असे त्रास सुरू होतात. काहींना पोटाचा त्रास होतच नाही, फक्त रक्त वाढत नाही.

ही गव्हाची साधी ॲलर्जी नाही आणि डाएटचं फॅडही नाही. यावर औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद, एवढाच उपाय.

मुलांमध्ये हा आजार अनेकदा वरचं अन्न सुरू झाल्यावर, पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागतो. कुपोषणाचं वयही नेमकं तेच. त्यामुळे गल्लत होण्याची शक्यता वाढते.

भुकेच्या काळात लागलेला शोध

गव्हाशी असलेलं हे नातं पक्कं होण्यात एका दुष्काळाचाही वाटा आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये अन्नाची भीषण टंचाई झाली. गव्हाचा पाव मिळेनासा झाला. बाकीचा देश उपाशी असताना सिलिॲक असलेल्या मुलांचा त्रास मात्र कमी झाला. पाव परत आला तसा त्रासही परतला. तिथले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. 1950 मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात हे मांडलं.

भारतात किती जणांना?

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशाच्या तीन भागांतल्या 23 हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली होती. सिलिॲककडे बोट दाखवणारी प्रतिपिंडं उत्तर भारतात 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के लोकांमध्ये सापडली. या आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्ही भागांत जवळपास सारख्याच प्रमाणात होती. मोठा फरक होता तो रोजच्या गव्हात. उत्तरेत गहू खूप खाल्ला जातो, दक्षिणेत अगदी थोडा.

म्हणजे जनुकं असली तरी ताटात गहू नसेल तर आजार डोकं वर काढत नाही. गहू वाढला की तो दिसू शकतो.

मग जव्हार-मोखाड्यात काय बदललंय?

इथल्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबांचं जुनं खाणं म्हणजे नागलीची भाकरी, वरई, भात, उडीद-तुरीची आमटी, रानभाज्या आणि मासळी. यातल्या एकाही पदार्थात ग्लुटेन नाही. शहरात 'ग्लुटेन फ्री' लिहिलेली पिठाची पाकिटं साध्या आट्याच्या कित्येक पट भावाने विकली जातात. तेच धान्य इथे उतारावरच्या शेतात पिकतं. शिवाय 100 ग्रॅम नागलीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. हाडं ठिसूळ करणाऱ्या आजारात याची किंमत मोठी.

पण नागली-वरई वर्षभर पुरत नाही. पावसाळा संपला की अनेक कुटुंबं वीटभट्टी आणि बांधकामाच्या कामाला भिवंडी, वसई, नाशिककडे जातात. तिथे चहाबरोबर बिस्कीट, टोस्ट, खारी आणि भुकेला वडापाव. सगळं गव्हाचं किंवा मैद्याचं. आठवडे बाजारातही मुलाच्या हातात आधी बिस्किटाचा पुडाच पडतो.

दुसरा रस्ता रेशनचा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. उपाशीपोटी झोपणाऱ्या घरासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण हा हिशोब किलोचा आहे. घरात एखाद्याला गहू चालत नसेल, तर त्याच्या वाट्याचा गहू मोफत असूनही त्याच्या कामाचा नाही. त्याच्यासाठी वेगळं धान्य विकत आणावं लागतं.

याच कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरड धान्याचाही उल्लेख आहे. त्यामुळे रेशनवर नागली देणं कायद्याच्या चौकटीत बसतं. प्रश्न खरेदीचा आणि पुरवठ्याचा आहे.

किराणा घेताना गहू कुठे लपतो?

चपाती, पाव, रवा आणि शेवया ओळखता येतात. त्रास न दिसणाऱ्या गव्हाचा असतो.

- हिंग: बाजारातल्या बांधानी हिंगात बरेचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तांदळाच्या किंवा इतर पिठात बांधलेला हिंग मागून घ्यावा लागतो.
- भाजणी: थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरांत गहू घालतात.
- दुधात घालायच्या पावडरी: 'माल्ट' म्हणजे बहुतेक वेळा जव.
- सोया सॉस: यात गहू असतो. म्हणजे गाडीवरचा चायनीज भातही सुरक्षित नाही.
- गिरणी: गव्हानंतर त्याच जात्यावर नागली दळली की पिठात गहू येतोच. घरघंटी किंवा घरचं दगडी जातं हा त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग.

पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर एक किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. म्हणजे चिमूटभर पीठही जास्त होतं. गहू असेल तर पाकिटावरच्या ॲलर्जीच्या सूचनेत त्याचा उल्लेख बंधनकारक आहे. पण सुट्ट्या मालाला लेबल नसतं, आणि गावातल्या दुकानात बराचसा माल सुटाच मिळतो.

संशय आला तर काय करायचं?

आपल्या मनाने गहू बंद करायचा नाही. आधी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी, मग गरजेप्रमाणे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासणी, असा क्रम असतो. आधीच गहू सोडला तर तपासणीत आजार पकडला जात नाही. दुर्बिणीच्या तपासणीसाठी सहसा मोठं रुग्णालय गाठावं लागतं. मोखाड्याच्या पाड्यावरून त्याचा अर्थ एसटीचा दिवसभराचा प्रवास आणि बुडालेली मजुरी.

जव्हार-मोखाड्यातलं कुपोषण सिलिॲकमुळे आहे, असा याचा अर्थ नाही. गरिबी, स्थलांतर, कमी वयातली लग्नं आणि दूरचे दवाखाने ही कारणं जुनी आहेत आणि ती तशीच उभी आहेत. पण पोषण आहार वेळेवर मिळूनही एखादं मूल वजन धरत नसेल, जुलाब थांबत नसतील, तर 'आई नीट भरवत नाही' असं म्हणण्याआधी एक रक्ततपासणी व्हायला हवी. आजार निघालाच, तर त्या मुलाला लागणारं धान्य शोधायला फार लांब जावं लागणार नाही.