गणवेशातला वकील

वकील म्हटला की काळा कोट डोळ्यांपुढे येतो. लष्करी गणवेश सहसा येत नाही. महूच्या छावणीशेजारी वाढलेल्या आम्हां इंदूरकरांनाही आपल्या फौजेत कायद्याची एक स्वतंत्र शाखा आहे व तिचे शिक्षण नागपूरजवळ कामठीस मिळते, हे फारसे ठाऊक नसते. आज ज्यांची हकीकत सांगावयाची, ते चार्ल्स स्विफ्ट मात्र अमेरिकेच्या आरमारातले.

१९८४ साली ते नाविक अकादमीतून बाहेर पडले. पुढे कायदा शिकून १९९४ नंतर आरमाराच्या कायदा शाखेत रुजू झाले. २००३ साली त्यांच्याकडे ग्वांटानामोच्या तळावरील सलीम अहमद हमदान याचे वकीलपत्र आले. हा येमेनी गृहस्थ ओसामा बिन लादेनचा मोटारचालक. २००१ च्या नोव्हेंबरात तो अफगाणिस्तानात पकडला गेला होता. अशा अशिलाची बाजू घेणे घरच्या माणसांनाही रुचू नये, इतका तो काळ तापलेला. शिवाय स्विफ्ट यांना कळविण्यात आले होते, की कैद्याची भेट मिळेल ती गुन्ह्याच्या कबुलीची बोलणी करण्यासाठीच.

स्विफ्ट यांनी कैद्याला दुसरीही वाट सांगितली: ज्या लष्करी आयोगापुढे तुला उभे करणार, त्याच्या वैधतेलाच आव्हान देता येईल. २००४ साली हमदानच्या वतीने अर्ज गेला, त्यावर अर्जदार म्हणून नाव होते स्विफ्ट यांचे आणि समोर संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड! आपल्याच खात्याच्या मंत्र्यावर, गणवेश अंगावर असताना! आणि हे बंड नव्हते, बरे का. अशिलाचा बचाव करावा हाच त्यांना मिळालेला हुकूम होता. तो त्यांनी शब्दशः पाळला, इतकेच.

खालच्या न्यायालयात जय, अपिलात पराजय, असे हेलकावे खात प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे युक्तिवाद केला नील कात्याल या भारतीय वंशाच्या प्राध्यापकांनी. २९ जून २००६ रोजी पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला: राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले हे आयोग देशाच्या लष्करी कायद्याला व जिनिव्हा करारांना धरून नाहीत.

सुमारे दोन आठवड्यांतच स्विफ्ट यांना कळले, की कमांडरपदाची बढती आपल्याला मिळालेली नाही. बढती नाही तर निवृत्ती, असा तेथील नियम. २००७ साली त्यांनी गणवेश उतरविला. हा सूड होता असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण योगायोग म्हणून सोडून द्यावयासही मन धजत नाही.

२००८ साली नव्या कायद्याखाली हमदानवर खटला चालला, तेव्हा बचावाच्या बाकावर स्विफ्ट पुन्हा होते, साध्या पोशाखात. शिक्षा झाली साडेपाच वर्षांची, आणि तीतली पाचांहून अधिक भोगून झालेली. त्याच वर्षी हमदान येमेनला परतला. २०१२ साली अपील न्यायालयाने ती शिक्षाही रद्द केली.