लसनिर्मितीचे मर्म दोन बारीक धारांत

एमआरएनए लसींचा पाया घालणाऱ्या संशोधनाबद्दल कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र, या लसी कोट्यवधी मात्रांत तयार करताना एक मोठी कसोटी लागली, ती द्रवाच्या दोन बारीक धारा एकमेकींत मिसळण्याच्या कामात.

एमआरएनए पाण्यात, तर त्याला कवच पुरवणारे स्निग्ध पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असतात. दोन्ही धारा एकत्र येताच सुमारे शंभर नॅनोमीटर आकाराचे कण बनतात. हे मिश्रण निमिषार्धात व्हावे लागते. ते रेंगाळले की कण मोठे आणि असमान होतात.

येथे निसर्गनियम आडवा येतो. अतिशय बारीक नळीत भोवरे उठत नाहीत. धारा शेजारी-शेजारी संथ वाहतात आणि विरघळलेला पदार्थ केवळ विसरणाने पलीकडे सरकतो. मिठाला पाण्यात एक दशांश मिलिमीटर अंतर कापण्यास काही सेकंद पुरतात. एक मिलिमीटरसाठी मात्र काही मिनिटे लागतात. अंतर दसपट झाले, की वेळ शंभरपट! शिवाय नळीच्या मध्यभागी वेग अधिक व कडेला कमी असल्याने पदार्थ प्रवाहाच्या दिशेनेही लांबवर पसरतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९५३ मध्येच दाखवून दिले होते.

त्यामुळे प्रयोगशाळेतील नळी रुंद केली म्हणजे कारखाना उभा राहिला, असे होत नाही. धारा वेगाने एकमेकींवर आदळवून त्यांचे थर पातळ करावे लागतात आणि उत्पादन वाढवायचे, तर अशी छोटी मिश्रणयंत्रे अनेक संख्येने जोडावी लागतात. फायझरने नेमके हेच केले.

भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे बौद्धिक संपदा हक्क स्थगित करण्याची मागणी केली. जून २०२२ मध्ये तिला मर्यादित यश आले. परंतु पेटंट खुले झाले, तरी नळीची रुंदी, प्रवाहाचा वेग आणि यंत्रांची जुळणी यांचे अनुभवसिद्ध ज्ञान आपोआप हाती येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केपटाऊनला तंत्रज्ञान हस्तांतर केंद्र उभारण्याचा निर्णय घेतला, तो याच जाणिवेतून.

पुढील साथ येईल तेव्हा सूत्र कोणाकडे आहे, याइतकेच ते कारखान्यात उतरवणारे हात कोणाकडे आहेत, हेही निर्णायक ठरेल. त्या हातांची तयारी साथ येण्यापूर्वीच करावी लागते.