ग्रीसला जरूर जा, पण इरिलाच्या पोढ्या पाहून जा

कनेरगाव नाक्यावर गेले पंधरा दिवस एकच चर्चा आहे. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी ग्रीसला निघाले आहेत. सहल साधीसुधी नाही. आधी अथेन्स, मग जहाजाने मिकोनोस आणि सँटोरिनी बेट, समुद्राकडे तोंड करून कड्यात खोदलेली खोली आणि खोलीपुढे फक्त दोघांसाठी पोहण्याचा हौद. खर्च दोघांचा मिळून आठ लाख. निम्मे मुलाने घातले, निम्मे गुरुजींच्या निवृत्तीच्या पैशांतून.

विहारातल्या बैठकीत हा विषय निघाला आणि दोन तट पडले. काही कार्यकर्ते म्हणाले, १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती हीच. वस्तीतल्या पोरांना अभ्यासिका नाही आणि हे हौदात डुंबायला चालले! गुरुजी काही बोलले नाहीत, जयभीम करून उठून गेले. आम्हाला ते बरं वाटलं नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. गुरुजींनी जावं. दुसऱ्या कुणाचा मुलगा आईबापांना परदेशी पाठवतो तेव्हा गाव म्हणतं, पोरानं नाव काढलं. आमच्या पोरानं पाठवलं की पैसा अंगात आला. गावानं असं म्हणावं यात नवल नाही, ते जुनंच आहे. पण हाच हिशोब आपल्याच बैठकीत, आपल्याच तोंडून यावा? आम्ही नीट कपडे घालू नयेत, दागिने घालू नयेत, घोड्यावर बसू नये, असले नियम ज्यांनी केले त्यांचंच काम आपण फुकट का करावं?

बाबासाहेब सहलीला जात नसत असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ पुन्हा उघडावं. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी प्रेक्षणीय स्थळं पाहायला जाण्याची इच्छा सांगितली आणि बाबासाहेब तयार झाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, हे आधी ठरलं. नाशिकहून सुमारे तीस जण बस आणि मोटारीने निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाने अंग धुळीने भरलेलं, किल्ल्याच्या दाराशी काठोकाठ भरलेला हौद. काहींनी हातपाय धुतले, तोंड धुतलं. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की या लोकांनी हौद बाटवला. जमाव गोळा झाला, अंगावर येऊ लागला. बाबासाहेबांनी त्यांना विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का, उद्या हाच अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला अडवाल का? शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण बरोबर हत्यारी शिपाई दिला. कशाला? तर यांनी वर कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून.

दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि आमचा नाकाही. पैनगंगेच्या अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड, मधली हद्द म्हणून हा नाका. त्या राज्यात बॅरिस्टर आणि डॉक्टरेट झालेल्या माणसाला तोंड धुवायला हौद मिळाला नाही. आज त्याच हद्दीतला एक गुरुजी स्वतःच्या पैशाने हौद असलेली खोली ठरवतो. ज्यांना यात फक्त चैन दिसते त्यांनी मागची नव्वद वर्षं मोजलेली नाहीत.

व्हिसाचा अर्ज आम्हीच बसून भरला. शेंगेन व्हिसाची फी माणशी ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, बँकेचे उतारे, परत येणार याची खात्री पटेल अशी कागदपत्रं. जन्मस्थळ विचारतात, नागरिकत्व विचारतात, व्यवसाय विचारतात. जातीचा रकाना नाही. गुरुजी म्हणाले, एवढे कागद तर मुलाच्या जात पडताळणीलाही लागले होते, पण तिथे प्रत्येक कागदावर तेच एक लिहिलेलं असायचं.

आता आमची तक्रार. ती खर्चाबद्दल नाही, बेताबद्दल आहे. सहल कंपनीने दिलेला दहा दिवसांचा कार्यक्रम आम्ही वाचला. त्यात सूर्यास्त तीन वेळा आहे आणि डेलोस एकदाही नाही. डेल्फीही नाही.

डेलोस हे मिकोनोसहून होडीने थोड्या वेळात गाठता येणारं ओसाड बेट. अपोलो देवाचं जन्मस्थान म्हणून पवित्र. इसवी सनापूर्वी ४२६-२५ च्या सुमारास अथेन्सवाल्यांनी या बेटाची शुद्धी केली. सगळ्या कबरी उकरून प्रेतं बाहेर नेली आणि यापुढे बेटावर कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही असा नियम केला. बाळंतपण आलं किंवा माणूस मरणाला टेकला की समोरच्या रेनिया बेटावर हलवायचं. थ्युसिडिडीज या इतिहासकाराने हे लिहून ठेवलं आहे. विटाळ आपल्याकडेच होता असं नाही! बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ ग्रंथाची सुरुवातच या प्रश्नाने केली. विटाळाची कल्पना जगात पुष्कळ ठिकाणी होती, पण तिथे विटाळ घटनेचा होता, शुद्धीने जाणारा होता. इथे तो जन्माचा केला, पिढ्यानपिढ्या न जाणारा केला. हा फरक डेलोसच्या दगडांवर उभं राहून जितका कळेल तितका व्हॉट्सॲपवर कळणार नाही.

पुढे त्याच पवित्र बेटावर गुलामांचा बाजार भरला. दिवसाला दहा हजार माणसं उतरवून विकता येतील एवढी त्याची ताकद होती, असं स्ट्रॅबो लिहितो. आणि डेल्फीला देवळाखालच्या दगडी भिंतीवर गुलामांच्या मुक्ततेचे शेकडो लेख कोरलेले आहेत. अमका आजपासून मोकळा, साक्षीदार अमुक. ग्रीसमध्ये लोकशाही जन्मली हे गाईड सांगेलच, ही भिंत तुम्हाला विचारून शोधावी लागेल. गुलाम मोकळा होऊ शकत होता. मज्झिम निकायातल्या अस्सलायन सुत्तात भगवान बुद्ध ब्राह्मण तरुणाला हेच सुनावतात: योनांच्या देशात दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास, आणि मालकाचा दास होतो, दासाचा मालक. मग तुझे चार वर्ण देवाने कुठे केले? योन म्हणजे ग्रीक.

सँटोरिनीतल्या त्या महागड्या खोल्यांचंही सांगून ठेवतो. ओया गावात कड्यात कोरलेली घरं ही मुळात खलाशांची, गरिबांची. जहाजांचे कप्तान वर वाड्यांत राहत. आज गरिबाच्या त्याच भोकाचं भाडं वाड्याच्या तोडीचं आहे. हसायचं की काय करायचं ते गुरुजींनी तिथे जाऊन ठरवावं.

पण ग्रीक माणूस बघायला विमानच कशाला? आमच्या वस्तीत मिलिंद नावाचे निदान चौघे सापडतील. ते नाव मिनँडर या ग्रीक राजाचं. भिक्खू नागसेनाला त्याने प्रश्न विचारले, वाद घातला आणि पटलं तेव्हा मानलं. बाबासाहेबांनी औरंगाबादेत १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे त्याचंच नाव मिळालं, परिसर झाला नागसेनवन. कार्ल्याच्या चैत्यगृहात अनेक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिलेत. नाशिकच्या लेण्यात इंद्राग्निदत्त या योनकाचा लेख आहे. आणि जुन्नरला धम्मलिपीत एक लहानसा लेख आहे: गत लोकांपैकी यवन इरिलाचं दान, दोन पोढ्या. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. हे यवन थेट ग्रीसचे की इथेच वाढलेले, यावर अभ्यासक वाद घालतात, घालू द्या. बाहेरचा म्हणून ओळखला जाणारा माणूस दोन हजार वर्षांमागे या डोंगरात संघाला पाणी देत होता आणि १९३४ साली त्याच महाराष्ट्रात बाबासाहेबांमागे पाण्यासाठी शिपाई होता. मधल्या काळात या देशात कोण जिंकलं, ते या दोन हौदांवरून समजतं.

राहिला पैशाचा प्रश्न. अभ्यासिकेचं बोलणारे कार्यकर्ते चुकीचं बोलत नव्हते, फक्त चुकीच्या माणसावर ओरडत होते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी मागितला. तो आपल्यापैकी किती जण देतात? सहलीला न जाणारे देतात का? आम्ही गुरुजींच्या घरी गेलो, बैठकीतल्या बोलण्याबद्दल माफी मागितली आणि आठ लाखांचा विसावा हिस्सा मागितला. चाळीस हजार होतात. गुरुजींच्या पत्नीने आत जाऊन चेकबुक आणलं आणि विचारलं, बैठकीत जे बोलले त्यांचा विसावा हिस्सा कधी येणार? आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी आम्ही पाच जणांनी आपापले आकडे वहीत लिहून सह्या केल्या.

कार्यक्रमही बदलला. सँटोरिनीची एक रात्र कमी केली, डेल्फी घातलं, डेलोसचा दिवस घातला. डेलोसवर मुक्काम करता येत नाही, त्याच दिवशी परतावं लागतं, म्हणून हौदालाही वेळ उरतोच. व्हिसा अजून आलेला नाही. तोवर येत्या रविवारी नाक्यावरून जुन्नरला गाडी निघते आहे. गुरुजी पुढच्या सीटवर आहेत, मागे सहा जागा शिल्लक आहेत. ज्यांना यायचं त्यांनी पाण्याची बाटली आणि विजेरी घेऊन यावं, काही लेण्यांत अंधार असतो.