जंगलाचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं?

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या लेकीच्या मोबाईलवर ‘द मॉस’ नावाचं एक इंग्रजी गाणं अधूनमधून वाजत असतं. रील्सवर ते भरपूर चाललं, त्यामुळे तुमच्याही घरात कानावर पडलं असेल. मला वाटलं कुणा नव्या पोराचं असेल. शोधलं तर गाणं २०१४ सालचं, आणि गायक लंडनचा कॉस्मो शेल्ड्रेक, आता पस्तिशी ओलांडलेला. हा गडी कितीतरी वाद्यं वाजवतो, मानववंशशास्त्र शिकलाय आणि एकटाच स्टेजवर उभा राहून लूप मशीनवर आवाजावर आवाज चढवत जातो. लोकगीतासारखी चाल, मध्येच भलतीच गुंगी आणणारी. त्याचे वडील रूपर्ट शेल्ड्रेक १९७० च्या दशकात हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये तुरीवर आणि हरभऱ्यावर संशोधन करत होते. (पुढे त्यांनी जे सिद्धांत मांडले ते बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य नाहीत, पण तो वेगळा विषय.) भाऊ मर्लिन बुरशीवरच्या ‘एन्टँगल्ड लाइफ’ या पुस्तकामुळे जगभर माहीत झाला. म्हणजे माती, पिकं, बुरशी हे सगळं घरातच.

पण मला लिहायचंय ते त्याने पुढे काय केलं त्याबद्दल.

२०२० साली त्याचा ‘वेक अप कॉल्स’ हा अल्बम आला. वाद्य म्हणून त्यात फक्त पक्ष्यांचे आवाज. नाइटिंगेल, चंडोल, रातवा, कक्कू. आणि जवळजवळ सगळे ब्रिटनच्या लाल आणि पिवळ्या यादीतले, म्हणजे संख्या घटत चाललेले. एकेक आवाज घेऊन, कापून, जोडून हे काम त्याने काही वर्षं केलं. २०२३ मध्ये ‘वाइल्ड वेट वर्ल्ड’ आला, तो समुद्राखालच्या आवाजांचा. मी पक्ष्यांचा अल्बम पहाटे गच्चीवर ऐकला. खरं सांगायचं तर दोन-तीन तुकडे कंटाळवाणे वाटले. पण नाइटिंगेल ऐकताना एकदम लक्षात आलं, की हा आवाज उद्या बंद झाला तरी रेकॉर्डिंग राहील, विकलं जाईल, आणि पैसे माणसाला मिळत राहतील.

हाच प्रश्न त्याने पुढे थेट सरकार दरबारी नेला.

इक्वेडोर देशात लॉस सेड्रोस नावाचं ढगांत बुडालेलं जंगल आहे. तिथे तांबं आणि सोन्यासाठी खाणकामाचे परवाने दिले गेले होते. या देशाने २००८ च्या राज्यघटनेतच निसर्गाला हक्क दिलेत. त्या आधारावर तिथल्या संविधान न्यायालयाने २०२१ मध्ये परवाने रद्द ठरवले. पुढच्या वर्षी कॉस्मो, लेखक रॉबर्ट मॅकफार्लेन, बुरशीतज्ज्ञ जुलियाना फुर्ची आणि कायद्याचे प्राध्यापक सेसार रॉद्रिगेस-गाराविटो त्या जंगलात राहिले. माकडं, वटवाघळं, पानं यांच्या आवाजांसह ‘साँग ऑफ द सीडर्स’ हे गाणं झालं. २०२४ मध्ये त्यांनी इक्वेडोरच्या कॉपीराइट कार्यालयात अर्ज केला: या गाण्याचं सहकर्ता म्हणून जंगलाचं नाव नोंदवा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही हसलो. म्हटलं, झालं, प्रसिद्धीचा नवा प्रकार. जंगल काय बँकेत खातं उघडणार?

आता माझं मत बदललंय. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. कोकीळ रेकॉर्ड केला तर मालक मी. कोकीळ कुठेच नाही. यात कुणाला काही खटकत नाही, कारण तो रकाना कुणी कधी भरायला घेतलाच नव्हता. भाषणात ‘निसर्ग आमची माता’ म्हणणं सोपं असतं. फॉर्म भरायला घेतला की मग साहेबांना हो किंवा नाही लिहावं लागतं, आणि नाही लिहायचं तर कारण द्यावं लागतं.

आपल्याकडे असं एकदा झालंय. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला कायदेशीर व्यक्ती ठरवलं. राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं: पूर आला तर भरपाई कुणी द्यायची? जुलैत स्थगिती मिळाली. आणि गल्लीत या. मागच्या वर्षी आमच्या रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षावर तोडण्याची नोटीस लावली, तीही खिळे ठोकून. हरकती सात दिवसांत. आम्ही पाच जणांनी दिल्या, झाड गेलंच.

आता कुणी म्हणेल, गाण्याने जंगल वाचलं का? नाही वाचलं. ते वाचवलं तिथल्या लोकांनी आणि न्यायाधीशांनी, गाण्याच्या आधी. गायक नंतर गेला. हे श्रेय त्याला देऊ नका, माझ्या माहितीत तोही मागत नाही.

अजून एक गोष्ट लपवणार नाही. याच कॉस्मोचं ‘कम अलाँग’ हे गाणं २०१८ मध्ये आयफोन एक्सआरच्या जाहिरातीत होतं. फोनमध्ये तांबं असतं, सोनंही असतं. लॉस सेड्रोसखाली जे आहे तेच. ढोंगी म्हणून त्याला एका वाक्यात उडवून लावता येईल, कमेंटमध्ये कुणीतरी लावेलच. मला वाटतं उलट, याच माणसाने हा अर्ज करायला हवा होता. गाण्याचे पैसे कसे वाहतात आणि कुठे अडतात हे त्याला आतून माहीत आहे. ‘साउंड्स राइट’ नावाच्या उपक्रमात त्याचं ‘सॉइल’ हे गाणं आहे, आपल्या अनुव जैनचंही एक आहे. तिथे ‘नेचर’ हाच कलाकार म्हणून नोंदलेला आहे आणि मानधनातला किमान निम्मा वाटा संवर्धनाला जातो. तिथे तो रकाना आधीच भरलाय, सरकारी कार्यालयाची वाट न बघता.

लेकीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, मग त्या नोटिशीवरच्या हरकतीत झाडाचं नाव का नव्हतं लिहिलं?”

अर्जदाराच्या रकान्यात आम्ही पाच जणांनी आपापली नावं लिहिली होती. पुढच्या वेळी सहावं लिहून बघणार आहे. कारकून काय म्हणतो ते इथेच सांगेन.